नवनगरला उतरायचं होतं

दाजीबानपेठेत काकांकडे फराळ करून, त्यांना बरोबर घेऊन आम्ही भाड्याच्या मोटारीनं धारवाडला निघालो. ड्रायव्हरशेजारी काळी टोपी घातलेले एक गृहस्थ येऊन बसले. आम्हाला ते काकांचे वाटले, काकांना आमचे.

उणकल तळ्यावर आम्ही त्यांना चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला लावलं. धारवाडात आत्याकडे ते आमच्याच पंगतीला बसले. आत्या वाढायला आली की दोन्ही हात पानावर आडवे धरून "साकु अक्का, पुरे" म्हणायचे, आणि आत्या बोटांच्या फटीतून पुरणाची होळगी सरकवायची. दिवसभर सगळ्यांनी त्यांना आग्रह केला. नाव कुणीच विचारलं नाही.

परतताना नवनगरला त्यांनी मोटार थांबवली.

"सकाळी इथंच उतरायचं होतं. मुलीनं जेवायला बोलावलं होतं."

"मग बोलला का नाही, अण्णा?" काका म्हणाले.

"तीनदा बोललो. तुम्ही म्हणालात, आधी खा, मग बोला."

टोपी सारखी करून, पोट सांभाळत ते लेकीच्या घराकडे निघाले. तिथं त्यांचं ताट अजून झाकून ठेवलेलं असणार.

काकांनी मोटारीचं दार ओढून घेतलं.

"माणूस सज्जन आहे," ते म्हणाले, "पण जेवण फारच कमी."