गडग्यासमोर थांबणारी गाडी

देवगडहून तळेऱ्याला जाणारी सकाळची एसटी वाटेत थांबा नसताना थांबली, की खुशाल समजावं, आमच्या कंडक्टरकाकांना काहीतरी चांगलं दिसलं! कुणी उतरायचं नसे, कुणी चढायचं नसे, पण बेल वाजे, ड्रायव्हर कपाळाला हात लावी आणि काका खिडकीबाहेर बोट करून ओरडत, "बघा, बघा! आवशीचो घो, काय काम केल्यान हा!" मग सगळी गाडी एका अंगाला कलायची. कधी कुणी रचलेली गवताची गोल गरगरीत उडवी, कधी अंगणात पसरून तुणलेलं जाळं. आणि लगेच डबल बेल, की निघालो.

मी तेव्हा तळेऱ्याच्या शाळेत शिकवत होतो. उशीर झाला की 'उडवी बघत होतो' असं हेडमास्तरांना सांगायची सोय नव्हती. तरी ती गाडी सोडून दुसऱ्या गाडीने गेलो, तर दिवस अळणी जायचा.

काकांना 'छान' या शब्दाचा भयंकर राग. मी एकदा म्हणून बसलो आणि सगळ्या गाडीसमोर माझी शाळा झाली. "छान म्हणजे काय रे मास्तरा? पेज जेवलंस तरी छान, सिनेमा बघलंस तरी छान! काय बघलंस ता सांग!"

त्यांचं सगळ्यात लाडकं ठिकाण म्हणजे पास्कूबाबांचा गडगा. साधं कुंपण हो, जांभ्या दगडांचं. चुना नाही, सिमेंट नाही, दगडाने दगडाला धरलेलं. पण रस्ता वळतो तिथे तो गडगाही असा काही वळला होता, की काका खिडकीबाहेर अर्धे वाकत. तिथे गाडी थांबली की हमखास वाद पेटायचा. ड्रायव्हर म्हणायचा, "बघणारो नसलो तर काय, नुसतो दगडांचो ढीग." मागच्या सीटवरून मासे विकणारी शेवंतामावशी कडाडायची, "बांगडो ताजो काय शिळो, ता कल्ल्यात दिसता. गिऱ्हाईकाच्या डोळ्यात नाय! आणि तुमी भांडत रवलात तर माझो बांगडो हंयच शिळो होतलो!" काका अशा वेळी लहान मुलासारखे टाळ्या पिटत. "अर्धां दगडात, अर्धां डोळ्यात. पण दोघांची गाठ पडाक कोणीतरी बेल मारूक व्हयी!"

आणि मग रस्ता रुंद व्हायची बातमी आली. गडगा आडवा येत होता. पास्कूबाब नोकरी संपवून नुकतेच मुंबईहून परतलेले. त्यांनी ठरवलं, दगड भरावाला द्यायचे आणि मागे सरकून सिमेंटची पक्की भिंत घालायची. पक्की, रंगवलेली, वर जाळी. त्यांच्या लेखी चांगली भिंत ती! काकांनी विनवण्या केल्या. "दगड सोडवून मागे रचून घेवा," म्हणाले. पास्कूबाब हसून म्हणाले, "गडग्यात काय सोना आसा?" काकांचा जीव कासावीस झाला. त्या आठवड्यात त्यांनी थांब्याशिवाय एकदाही बेल मारली नाही. गाडी वेळेवर पोचत होती आणि सगळे प्रवासी वैतागले होते.

पाडायच्या आदल्या दिवशी नवल घडलं. पास्कूबाबांची स्कूटर गॅरेजात, म्हणून ते देवगडहून आमच्या गाडीत चढले! काकांनी त्यांना हाताला धरून खिडकीपाशी बसवलं. त्यांच्या घराची वाट वरच्या अंगाने. गडग्याची त्यांना ठाऊक असलेली बाजू म्हणजे अंगणातली, करवंदीने झाकलेली. खालच्या रस्त्यावरून ते स्कूटरवर जात, तेही खड्डे चुकवत. वळण आलं आणि काकांनी बेल मारली. कोवळं ऊन गडग्यावर तिरपं पडलं होतं. पास्कूबाब मोबाइलवर जाळीचे नमुने बघत होते. त्यांनी मान वर केली आणि बघतच राहिले.

"हो कोणाचो रे गडगो?"

"तुमचोच, पास्कूबाब! उद्या पाडतास तोच!"

गाडीत असा हशा पिकला म्हणता! पास्कूबाब मात्र हसले नाहीत. आपला थांबा पुढे असताना तिथेच उतरले, रस्ता ओलांडून गेले आणि गडग्यावर तळहात ठेवून उभे राहिले. काकांनी डबल बेल मारायला नको तितका वेळ घेतला. शेवंतामावशीसुद्धा बांगड्यांची पाटी सोडून खिडकीशी आली.

दगड सोडवून मागे रचायचं ठरलं, पण ते काम उभं राहीपर्यंत काका निवृत्त होऊन नांदगावला लेकीकडे गेले होते. काचबिंदूने त्यांची नजरही गेली. मी भेटायला गेलो ती आमची शेवटची भेट. फोटो दाखवायला खिशातून मोबाइल काढला आणि मुकाट्याने परत ठेवला.

"गडगो कसो झालो?" त्यांनी विचारलं.

"चांगला झालाय, काका."

"तसां नको. वळणापासून सांग."

मी सांगू लागलो. तळाला मोठे धोंडे. त्यांच्या सांध्यांवर बरोब्बर बसवलेले मधले दगड. फटींत ठोकलेल्या चिपा. एक काळपट दगड पूर्वी खाली होता, तो आता छातीच्या उंचीला आलाय. बोलता बोलता मीच थक्क झालो. हे सगळं मी कधी बघितलं? मला उमाळाच आला. भराभर सांगत मी वळण घेतलं आणि पुढे निघणार, तेवढ्यात काकांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"थांब रे," ते म्हणाले. "हंय जरा थांब. माका बघूंदे."