अलमेलूअक्का आणि बासष्टचा घोळ

चूक माझी होती हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणाला मला पकडल्याचा आनंद मिळायला नको. मी पद्मनाभ. कुंभकोणमच्या एका यात्रा बस कंपनीत मी तेवीस वर्षं कारकुनी केली, आणि त्यातली अठरा अलमेलूअक्काच्या समोरच्या टेबलावर बसून केली. ती माझ्या नात्यातली नव्हे. आमच्या गल्लीत घरात पिढ्यानपिढ्या जुन्या वळणाची मराठी बोलणारी सात-आठ बिऱ्हाडं होती, त्यांतल्या एका घरची ही थोरली मुलगी, म्हणून सगळ्यांचीच अक्का.

ती कंपनीत आली १९८१ साली. शिक्षण अकरावीपर्यंत, तमिळ शाळेत. काम एकच, बसमधल्या जागांचा तक्ता सांभाळायचा. आमच्या बसेस नवग्रहांच्या देवळांना फिरायच्या, आणि वाटेत पट्टीश्वरम्, तिरुक्करुगावूर अशी गावंही घ्यायच्या. पोटुशी राहावं म्हणून आणि पोटुशी राहिल्यावर नीट सुटका व्हावी म्हणून तिरुक्करुगावूरच्या देवीला येणाऱ्या बायकांची रीघ बारा महिने असे. त्या बायकांना पुढची सीट द्यायची, चाकावरची द्यायची नाही, हा नियम अक्काने स्वतःच्या डोक्याने काढला आणि मालकांना न विचारता लागू केला. मालक म्हणजे चंद्रमौली. आम्ही त्यांना मुदलाळी म्हणायचो, तमिळमध्ये मालकाला तेच म्हणतात. मुदलाळी आधी चिडले, मग प्रवासी वाढले तसे गप्प झाले.

अक्काची खरी कीर्ती झाली ती १९८६ साली. मदुरैचा एक म्हातारा प्रवासात हरवला. त्याचा मुलगा ऑफिसात येऊन छाती बडवत होता, ड्रायव्हर शपथा घेत होता, आणि आम्ही सगळे एकमेकांवर ओरडत होतो. अक्काने फोन उचलला आणि बस जिथे जिथे थांबली होती तिथल्या कॉफीवाल्यांना ओळीने दोनच गोष्टी विचारल्या, किती उतरले आणि किती चढले. कुणी म्हाताऱ्याचं वर्णन करायला लागला की ती त्याला तिथेच तोडायची. चौथ्या थांब्यावर आकडे जुळले नाहीत. म्हातारा तिथे दुसऱ्याच बसमध्ये चढून आरामात झोपला होता. तासाभरात तो बापलेकांच्या भांडणासकट परत मिळाला.

आता १९९९. मुदलाळींना कुणीतरी चेन्नईत सांगितलं की कागदाचे तक्ते गेले, आता यंत्रं एकमेकांशी बोलतात. झालं. कुंभकोणम, पट्टीश्वरम्, तिरुक्करुगावूर आणि उत्तरेला चोळपुरम्, अशा चार काउंटरवर निरोपांची ने-आण करणाऱ्या चार पेट्या बसल्या आणि त्यांच्यामधून, चोळपुरम्, कुंभकोणम, पट्टीश्वरम्, तिरुक्करुगावूर अशा ओळीने, भाड्याच्या टेलिफोन तारा गेल्या. यंत्रांची खोली कुंभकोणमला. तिची किल्ली आणि तिथली खुर्ची मुदलाळींनी अक्काला दिली. अठरा वर्षं खिडकीच्या उन्हात बसलेल्या बाईला पंख्याची खोली मिळाली. ती पहिल्या दिवशी आत गेली आणि अर्धा तास नुसती बसून राहिली. तिला आनंद झाला होता, आणि तो लपवायला तिला जमत नव्हतं.

पेट्यांचं काम कसं चालायचं ते सांगतो. पुढे या पद्धतीला एमपीएलएस असं भारदस्त नाव मिळालं, पण आमच्या लेखी ती चिठ्ठ्यांची पद्धत. प्रत्येक निरोपावर पेटी एका आकड्याची चिठ्ठी लावते. पुढची पेटी निरोप उघडत नाही, पत्ता वाचत नाही, तो कुठल्या तारेवरून आला तेही बघत नाही. ती फक्त आकडा आपल्या तक्त्यात शोधते, तो काढते, दुसरा लावते आणि पुढे ढकलते. म्हणून कोणत्या गावासाठी कोणता आकडा लावायचा, हे घेणाऱ्या पेटीने देणाऱ्या पेटीला आधी सांगून ठेवावं लागतं. खरं तर पेट्या हे आपापसांत ठरवतात. पण आमच्या तारांत इतकी खरखर की पेट्यांची बोलणी दर दहा मिनिटांनी फिसकटायची. तेव्हा चेन्नईहून आलेले इंजिनियर नटराज यांनी पेट्यांचं बोलणं बंद केलं आणि म्हणाले, आकडे तुम्हीच फोनवरून एकमेकांना सांगा आणि हाताने भरा.

ते काम माझ्याकडे आलं, कारण त्या दिवशी अक्का चोळपुरम्ला तिथल्या तुकोजीला यंत्र शिकवायला गेली होती. मी कुंभकोणमला बसलो, फोनच्या पलीकडे पट्टीश्वरम्चा व्यासराज, आणि माझ्या शेजारी नटराज केळ्याचे वेफर्स खात. व्यासराज माझा शाळेपासूनचा मित्र. इंजिनियर शेजारी म्हणून आम्ही तमिळमध्ये बोलत होतो. तो आकडे सांगत होता, मी लिहीत होतो. मग त्याला राहवलं नाही आणि तो घरच्या भाषेत घसरला.

"तो मद्रासवाला अजूनि खातच आहे कां रे?" तो म्हणाला. "तिरुक्करुगावूरास बासष्ट. लिहिलास कां?"

मी हसू दाबत लिहिलं, आणि माझ्या कागदावरून नटराजांनी ते पेटीत भरलं.

दुसऱ्या दिवसापासून गोंधळ सुरू झाला. चोळपुरम्हून तिरुक्करुगावूरला निरोप जाईना. नुसता जाईना असं नाही, तो परत चोळपुरम्लाच यायचा. तुकोजीने विचारलं, शनिवारी पुढच्या किती जागा मोकळ्या? थोड्या वेळाने त्याच्या पडद्यावर प्रश्न आला, शनिवारी पुढच्या किती जागा मोकळ्या? त्याने भाबडेपणाने उत्तरही टाकलं की मला ठाऊक नाही. आमचे कुंभकोणमचे निरोपही तिरुक्करुगावूरला जायचे ते चोळपुरम्ला जाऊन पडायचे. बाकी सगळं ठीक. तिरुक्करुगावूरहून इकडे येणारं सगळं सुरळीत यायचं.

नटराजांनी एकेक तार तपासली. कुंभकोणम ते पट्टीश्वरम् ठीक, पट्टीश्वरम् ते तिरुक्करुगावूर ठीक. पेट्यांमधल्या पट्ट्या बदलल्या. एक अख्खी पेटी बदलून जुना तक्ता नवीन पेटीत उतरवला, आणि दोष होता तिथेच राहिला. सहा दिवसांनी त्यांनी हात टेकले, आणि हात टेकलेला इंजिनियर जे करतो ते त्यांनी केलं. मुदलाळींना म्हणाले, "खोलीची किल्ली या बाईंकडे असते. यांनीच तक्त्यात काहीतरी ढवळलंय. शिकलेला माणूस पाहिजे इथे."

मुदलाळींपुढे शनिवार होता. त्या शनिवारी गुरू रास बदलणार होता, आणि गुरुपालटाला आमच्या चाळीस बसेस एकाच दिवशी सुटतात. त्यांनी अक्काला बोलावलं आणि माझ्यादेखत सांगितलं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत निरोप तिरुक्करुगावूरला पोचला नाही, तर शनिवारी सकाळी चेन्नईचा एक शिकलेला माणूस येऊन खोली ताब्यात घेईल आणि अक्का सामानाच्या खिडकीवर बसेल. माणसाला निघायला सांगितलंही होतं.

बाहेर आल्यावर अक्काने मला बाजूला घेतलं. "मी त्या तक्त्यास हात लाविलें नाहीं, पद्मनाभा," ती म्हणाली. "पण मी लाविलें असतें तर बरें होतें. निदान कोठें चुकलें तें मज ठावें असतें."

मला तिची दया आली. चूक आपली असू शकते, हे माझ्या मनातही आलं नाही. सहा दिवस मी यंत्रालाच शिव्या घालत होतो.

शुक्रवारी दुपारी तिने बाकीच्या तिन्ही काउंटरना फोनवर थांबायला सांगितलं आणि आमच्या फोनचा स्पीकर सुरू केला. खोलीत नटराज होते, मुदलाळी होते आणि मी. तिने तुकोजीला एकच निरोप सोडायला लावला आणि मग प्रत्येकाला पेटीच्या पडद्यावर बघून उत्तर द्यायला सांगितलं.

"अक्का, मी विचारलों तेंच फिरून मजकडे येतें," तुकोजी चोळपुरम्हून कुरकुरला. "यांत काय बघणें?"

"मज दोनच आकडे सांग. तुजकडे आला तो कोणता, गेला तो कोणता."

नटराजांनी मुदलाळींकडे बघून भुवया उंचावल्या. तारा तपासणाऱ्या माणसाला हा पोरखेळ वाटला असणार. चोळपुरम्हून निरोप निघाला सत्तेचाळीस आकड्यावर. कुंभकोणमला सत्तेचाळीसवरच आला, आणि इथून सव्वीस लावून पट्टीश्वरम्ला गेला. पट्टीश्वरम्चा व्यासराज म्हणाला, "सव्वीसावर आला अक्का. अठरा लावून तुजकडेच परत धाडला."

"मजकडे कां?"

"सव्वीस म्हणजे चोळपुरम्. तिरुक्करुगावूरवाल्यांनी चोळपुरम्ला धाडायचें तर मज सव्वीस लावून द्यायचें, असें मींच त्यांस सांगितलों आहे. माझा तक्ता बरोबर आहे."

"मग तिरुक्करुगावूरास आम्हीं काय लावायचें?"

"तें त्या दिवशींच सांगितलों कीं."

अक्काने फोनचा स्पीकर मुदलाळींकडे वळवला, आवाज वाढवला, आणि माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. "व्यासराजा, त्या दिवशीं जसें सांगितलास तसेंच सांग. शब्द बदलूं नको. पद्मनाभा, तूं लिही."

"तिरुक्करुगावूरास बासष्ट," फोन बोलला.

आणि मी लिहिलं. मुदलाळी, नटराज आणि अलमेलूअक्का या तिघांच्या डोळ्यांदेखत, निळ्या शाईने, मोठ्या विश्वासाने मी आधी दोन लिहिला आणि मग सहा. सव्वीस.

मला क्षणभर कळेना की सगळे कागदाकडे का बघताहेत. मग कळलं, आणि मी पेनाला टोपण लावलं.

अक्काने नटराजांना तमिळमध्ये समजावलं. तमिळ माणूस साठ आधी म्हणतो आणि दोन नंतर, अरुबत्ति-रेंडु. जसं ऐकलं तसं लिहीत गेलं की आकडा बरोबर येतो, आणि आमच्या शाळेने आमच्या हाताला हेच वळण लावलं. मराठी उलट चालते, आधी बा म्हणजे दोन आणि मागून साठ. "मी चौथीत असताना हिशेब घरच्या भाषेत म्हणायची आणि पाटीवर उलटा लिहायची," ती म्हणाली. "वाध्यार मास्तरांनी मला आठवडाभर बाकावर उभं केलं होतं. याला कुणी उभं केलं नाही, एवढाच फरक."

मुदलाळींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की सामानाची खिडकी मला तिथूनच दिसायला लागली. "म्हणजे चूक याची?"

"चूक तक्त्याची," अक्का म्हणाली. "सहा दिवस सगळ्यांनी तारा बघितल्या, पेट्या बघितल्या. देणाऱ्याचा आकडा आणि घेणाऱ्याचा आकडा शेजारी ठेवून कुणी बघितला नाही. मीसुद्धा नाही, आजपर्यंत."

हे ती कुणाकडेही न बघता बोलली, पण नटराजांनी वेफर्सची पुडी खिशात घातली.

मग तिने स्वतः तक्ता उघडला. सव्वीस पुसून बासष्ट घातलं, आणि व्यासराजाकडून ते एकेक अंक करून परत वदवून घेतलं, सहा, दोन. तुकोजीला निरोप सोडायला सांगितला. आम्ही फोनकडे बघत बसलो. तिरुक्करुगावूरच्या काउंटरवर जयलक्ष्मी होती, सहा दिवस चोळपुरम्चा एकही निरोप न पाहिलेली.

"अक्का, आलें," ती म्हणाली. "शनिवारीं पुढच्या किती जागा मोकळ्या, असें पुसतात. अकरा आहेत म्हणून सांगूं कां?"

"सांग."

अर्ध्या मिनिटात तुकोजीची आरोळी फोनमधून आली की अकरा आल्या. मुदलाळी उठून उभे राहिले. मी त्यांना नोकर माणसासाठी उभं राहिलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. अक्काने पदराने डोळे पुसले आणि मग लगेच नटराजांवर खेकसली की जुनी पेटी दारातून हलवा, पाय अडकतो.

मला मात्र दोन दिवस तिचा राग होता. तिघांसमोर मला लिहायला लावायची काय गरज होती, नुसतं सांगितलं असतं तर? नंतर शांतपणे विचार केला. नुसतं सांगितलं असतं, तर मीच सगळ्यांत आधी नाही म्हटलं असतं. एवढं मी स्वतःला ओळखतो.

आकडे घरच्या भाषेत बोलायचे नाहीत, असा फतवा मुदलाळी काढणार होते. अक्काने तो काढू दिला नाही. भाषा कुठलीही असो, ऐकणाऱ्याने आकडा अंकाअंकाने परत म्हणून दाखवायचा आणि सांगणाऱ्याने सरि, म्हणजे बरोबर, म्हटल्याशिवाय पेटीत घालायचा नाही, हा तिचा नियम. तो चारही काउंटरवर लागला. त्यानंतर आमची चिठ्ठी कधी चुकीच्या गावाला गेली नाही.

शनिवारी पहाटेपासून चाळीस बसेस सुटत होत्या. आठ वाजता चेन्नईचा माणूस बॅग घेऊन हजर झाला, त्याला परत पाठवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. अक्का खुर्चीवर बसून पट्टीश्वरम्शी बोलत होती. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "माझी जागा कुठली?"

अक्काने बोलणं पुरं केलं. फोन ठेवला. खुर्चीवरून ती हलली नाही, फक्त पायाने कोपऱ्यातलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"ही," ती म्हणाली. "बसा, शिकवते."

तो बसला, आणि साडेआठपर्यंत त्याने वहीत चार पानं उतरवून घेतली.