सासऱ्यांना लागलेलं माझं सलाईन

माझी सासुरवाडी म्हणजे केडगावकडून दौंडला जाताना लागणारी एक वस्ती. मी शिरूरचा, तिथल्याच एका कंपनीत स्टोअरला. लग्नाला सात महिने झाले होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ऐन उन्हाळ्यात अधिक महिना आला आणि सासऱ्यांनी मला धोंडे जेवायला बोलावलं. अधिकात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि नवा पोशाख करायचा ही आमच्याकडची रीत. जावई त्या दिवसापुरता देव असतो. देवानं नाही म्हणायचं नसतं, म्हणून मी अकरा धोंडे खाल्ले.

सासऱ्यांबद्दल माझ्या मनात एक अढी होती. मला पाहून गेल्यावर ते घरी म्हणाले होते, "पोरगा काटकुळा हाय. टिकंल का?" बायकोनं लग्नानंतर हे मला हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. आपण कसे टणक आहोत हे ह्या माणसाला दाखवायचंच, असं मी तेव्हा ठरवलं. सासुरवाडीला गेलो की मी कमी बोलायचो, हसायचो तर अजिबात नाही, आणि तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तरी ते आतल्या आत जिरवायचो. मला वाटायचं, काय छाप पडतेय!

तर अकरावा धोंडा संपला, कपाळाला कुंकू लागलं, अंगावर पांढरीफेक पँट-शर्ट चढली, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. नारळ घ्यायला हात पुढे केला आणि डाव्या कमरेत कुणीतरी पहार घातली. कळ फिरून खाली जांघेत उतरली. मुतखडा होता, पण ते कळायला अजून अवकाश होता. मी म्हणालो, "जरा दुखतंय. दवाखान्यात जाऊन येऊ." पान खाऊन येऊ म्हणावं अशा आवाजात म्हणालो, पण घामानं टोपी भिजली होती. सासूबाई घाबरल्या. पुरणाला काही झालं की काय, ही त्यांची भीती. मी कपडे बदलायला निघालो तर म्हणाल्या, "आजच्या दिस पोशाख उतरवू ने." मी तसाच निघालो.

वस्तीवर गाडी एकच, सासऱ्यांची फटफटी. दौंड मैलभर राहिलं आणि तिचं पेट्रोल संपलं. मी उतरायला लागलो.

"बसा पाव्हणं," सासरे म्हणाले. "जावयाला गाडी ढकलाय लावली म्हंजी मला गावात तोंड दाखवाय जागा न्हाई."

"मामा, मी चालतो की."

"आज न्हाई. आज तुमी बसायचं."

मग भर दुपारी मी टोपी घालून गाडीवर बसलेला, आणि पंचावन्न वर्षांचे सासरे मागून ढकलतायत, अशी आमची मिरवणूक दौंडात शिरली. दर खड्ड्याला माझा जीव जात होता. मी दातावर दात दाबून सरळ पुढे बघत होतो. रस्त्यातल्या एकानं तर मला हात जोडून नमस्कार केला.

दवाखान्याच्या दारात पोहोचलो तेव्हा सासऱ्यांचा श्वास भात्यासारखा चालला होता. तोंड काळंनिळं, सदरा अंगाला चिकटलेला, हाताला ऑइल. दारातल्या सिस्टरनं आम्हा दोघांकडं पाहिलं आणि एका क्षणात निर्णय घेतला. "ह्यांना आधी आत घ्या!" दोघा वॉर्डबॉयनी सासऱ्यांना धरून खाटेवर आडवं केलं. सासरे माझ्याकडं बोट दाखवत होते, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. "पाव्हणे बाहेरच बसलेत बाबा, काळजी करू नका," सिस्टर त्यांना म्हणाली.

मग ती कागद घेऊन माझ्याकडं आली. पेशंटचं नाव विचारलं, मी माझं सांगितलं. वय विचारलं, मी सत्तावीस सांगितलं. तिनं लिहिलं, वळून खाटेवरच्या माणसाकडं एकदा नीट पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "शेती लई खाती माणसाला," म्हणाली आणि गेली.

तिला हाक मारायला मी तोंड उघडलं खरं, पण नेमकी तेव्हाच कळ आली. आता तोंडातून जे निघेल ते 'सिस्टर' नसेल, याची मला खात्री होती. आणि खाट समोरच, दार सताड उघडं. मी तोंड मिटलं.

बाकावर माझ्या शेजारी एक आजी होती, हात सुजून भाकरीएवढा झालेला. तिनं विचारलं, "पेशंट कोण तुमचं?"

"मीच."

"दवाखान्यात चेष्टा करू ने बाबा," आजी म्हणाली आणि जरा सरकून बसली.

आत डॉक्टरांनी सासऱ्यांचं पोट दाबलं. सासऱ्यांनीही नऊ धोंडे खाल्ले होते. दाबल्यावर ते कळवळले. तेवढा पुरावा डॉक्टरांना पुरला, सलाईन लागलं. मघाचा श्वास एव्हाना खाली बसला होता, सासऱ्यांना बोलता येत होतं. पण आमच्या भागात सलाईन लागणं म्हणजे अंगात नवा जीव येणं. त्यांनी मला आतूनच विचारलं, "पाव्हणं, लावलीच हाय तर बाटली संपू देऊ का? मधीच काढली तर वाया जाती. तुमचं कसं हाय?"

"बरंय," मी म्हणालो. "सावकाश होऊ द्या."

इतका मूर्खपणा मी आयुष्यात पुन्हा केला नाही. बाटलीतला एकेक थेंब पडताना मी बघत होतो. ते थेंब माझे होते. अर्धा तास गेला. आजीचा हात बांधून झाला, ती जाताना मला म्हणाली, "तुमी लई धीराचं हाय. घरचा माणूस आत आन् डोळ्याला पाणी न्हाई." मला तेवढ्यातही बरं वाटलं, काय सांगू.

पण पुढची कळ आली ती आधीच्या सगळ्या कळांची आई होती. मी बाकावरून खाली घरंगळलो. फरशीवर गडाबडा लोळलो आणि "आई गं! मेलो गं आई!" असं ओरडलो की बाहेरच्या रिक्षावाल्यांनी आत डोकावून पाहिलं. एकदा आवाज फुटला तो थांबेना. नाक गळत होतं, डोळे गळत होते. सत्तावीस वर्षांचा जावई सासऱ्यासमोर भोकाड पसरून रडत होता, आणि हे ज्याच्यापासून लपवायचं होतं तोच माणूस खाटेवरून उतरून, सलाईनची बाटली स्वतःच्या हातानं उंच धरून, माझ्याकडं पळत येत होता.

"सिस्टर, पेशंट ह्यो हाय! ह्यो! मी नुसती गाडी ढकलली!"

सिस्टर सुई आणायला धावली. सासरे तसेच फरशीवर फतकल मारून बसले. बाटलीचा हात वर, दुसऱ्या हातानं माझं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. मी म्हणालो, "मामा, माफ करा. राहवेना." आणि पुन्हा रडलो.

"रडा, रडा," ते म्हणाले. "सात म्हयनं झालं, तुमी हासत न्हाई, बोलत न्हाई. मला वाटायचं, ह्या माणसाच्या मनाला काही लागतच न्हाई. आन् अशा माणसाच्या घरात मी माझी पोरगी दिली, म्हणून मला झोप न्हवती."