आत्येनं घासलेल्या काचा

मी मरणार हे ठरल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल, तर सायकल देऊन टाकली. देवासच्या शाळेत मास्तर होतो. चेहरा पिवळा, जिना चढलो की धाप, हातापायांना मुंग्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, धारला घरी जा, तिथल्या दवाखान्यात दाखवा, रक्ताचा कर्करोग नाही ना ते बघायला हवं. त्यांचं 'नाही ना' मला ऐकूच आलं नाही. सायकल एका सहकाऱ्याला दिली. त्यानं नको म्हणायला हवं होतं, पण तो तीवर बसूनच घरी गेला.

धारला आत्या होती. आई लवकर गेली, तेव्हापासून मला वाढवलं ते या विधवा आत्येनं. तिच्या सोवळ्यापुढे आमचा सगळा मोहल्ला वचकून असे. मी तिला नीट समजावलं, म्हणजे वर्गात समजावतो तसं, नको तितकं. रक्त हाडाच्या आतल्या मगजात तयार होतं, तेव्हा छातीच्या हाडात सुई घालून तो मगज काढतात, काचेवर पसरतात आणि त्यातल्या पेशी कशा दिसतात ते बघतात. आता म्हणे त्याच मगजातल्या गुणसूत्रांचे तुकडे इकडचे तिकडे झालेलेही वाचता येतात. त्या काळी मात्र पेशींचा चेहरा बघूनच काय ते ठरायचं.

दवाखान्यात कंपाउंडर माळवी ढंगात म्हणाला, "भिया, हिम्मत रखो." मी हसून मान हलवली. सुई हाडात गेली तोवर ठीक होतं. मगज वर ओढला तेव्हा मी मराठीत ओरडलो आणि नंतर हिंदीत माफी मागितली.

काचा इंदूरला तपासायला न्यायच्या होत्या, पण त्या दिवसाची मोटार निघून गेली होती. वाळलेल्या काचा मी कागदात गुंडाळून घरी आणल्या, फळीवर ठेवल्या आणि आत्येला बजावलं, हात लावू नकोस, माझं हाड आहे त्यात.

हेच बोलायला नको होतं. आमच्यात अस्थी घरात आणत नाहीत. मसणातून आणल्या तरी बाहेर झाडाला टांगतात. आत्येनं सकाळी अंघोळ केली आणि विचार केला. जिवंत माणसाच्या अस्थी झाडाला टांगणं अभद्र आणि घरात ठेवणं त्याहून अभद्र. मग तिनं त्या काचा राखेनं घासल्या, चिंचेनं घासल्या, विहिरीच्या पाण्यानं धुतल्या आणि उन्हात वाळत घातल्या. मी उठलो तेव्हा त्या इतक्या लख्ख होत्या की चष्म्याला बसवाव्यात.

मला राग आला नाही. भीती वाटली, सुईची. मरायला तयार असलेला मी पुन्हा टोचून घ्यायला तयार नव्हतो. आत्येला सगळं कळलं. तिनं पायात वहाणा घातल्या आणि माझ्याबरोबर दवाखान्यात आली. उभ्या जन्मात तिनं तिथं पाऊल टाकलं नव्हतं.

डॉक्टर सुई तयार करत होते. ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"याचं पुन्हा नका काढू. माझ्यातलं घ्या. माझ्या भावाचा मुलगा आहे. हाड आमचं एकच."

डॉक्टर हसले नाहीत. "माँजी, घराणं एक असेल, पण आजार याचाच बघायचा आहे," एवढंच म्हणाले. मग तिनं माझे पाय धरून ठेवले. तिच्यासमोर ओरडायची लाज वाटली, म्हणून मी ओरडलो नाही. माझ्या शौर्याची हकीकत एवढीच.

या वेळी काचा मी दवाखान्यातच ठेवल्या आणि सकाळी तिथूनच इंदूरला नेल्या. कर्करोग नव्हता. पेशी भलत्याच मोठ्या झाल्या होत्या, खाण्यात कशाची तरी उणीव होती. डॉक्टरांनी विचारलं, दूध घेता का? मी ताठ बसून सांगितलं की निसर्गोपचाराचं एक पुस्तक वाचून बरीच वर्षं दूध, दही, ताक सोडलंय, आणि शाळेतल्या पोरांनाही तसंच शिकवतो. त्यांनी काळजाच्या, म्हणजे यकृताच्या अर्काची इंजेक्शनं लिहून दिली, बकऱ्याच्या किंवा तत्सम कशाच्या तरी.

घरी हे लपवायचं ठरवलं होतं. माझ्याच्यानं एक दुपारही लपलं नाही. आत्या तांदूळ निवडत होती, हात थांबले.

"पाप मला लागू दे," ती म्हणाली. "तू टोचून घे."

कंपाउंडर घरी यायचा. सुई उकळायला तिनं सोवळ्यातलं पितळी पातेलं काढून दिलं, दुसरं घेऊ दिलं नाही. मला वाटलं, आता ते सोवळ्यातून कायमचं बाहेर गेलं.

हळूहळू मला भूक लागू लागली. मुंग्या गेल्या. सायकल मात्र परत मिळाली नाही, मागायची कशी तेच सुचेना. देवासला निघायच्या दिवशी आत्येनं तेच पातेलं घासून चुलीवर ठेवलं आणि त्यात देवाच्या नैवेद्याची खीर केली. देवाला दाखवून पहिली वाटी माझ्यापुढे ठेवली, आणि ती संपेपर्यंत समोरून हलली नाही.