गुरुवार, सहा ते साडेसहा

नांदूरघाटात माझा फोटो स्टुडिओ होता. लोक आपापले फोटो आपणच काढायला लागल्यावर मी मागच्या खोलीत ऑनलाइन रेडिओ सुरू केला. जुनी गाणी, आणि मधेमधे जे मिळेल ते. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना वाकळा टांगल्या. किती जण ऐकतायत त्याचा आकडा स्क्रीनवर दिसतो. चांगल्या दिवशी तो अकरा असतो. त्या अकरांत एक माझी बायको, भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात. ऑनलाइनची एक खोड आहे, इथं बोललेलं लोकांना अर्ध्या मिनिटानं ऐकू जातं. मला ठसका लागला की अर्ध्या मिनिटानं बायको पाण्याचा तांब्या घेऊन येते. तोवर माझा ठसका थांबलेला असतो.

माझा जीव मात्र गाण्यांपेक्षा यादीत. दर रविवारी सकाळी मी पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम लिहून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. सोमवारी जुनी चित्रपटगीतं, मंगळवारी भजनी मंडळांची रेकॉर्डिंग, बुधवारी लग्नातली गाणी म्हणणाऱ्या बायका, शनिवारी फर्माईश. यादीत सहा म्हणजे सहा. दोन मिनिटं इकडंतिकडं झाली की माझं डोकं फिरतं. अकरा माणसांसाठी एवढा ताव कशाला, असं बायको म्हणते. आता हिला काय सांगावं.

दिवाळीनंतर गावातल्या टोळ्या ऊसतोडीला गेल्या, आणि एका रविवारी मी यादी लिहीत असताना मास्तर आले. मास्तर म्हणजे आमच्या गावच्या बँडचे मास्तर. क्लॅरनेट वाजवायचे. पंचक्रोशीतल्या निम्म्या लोकांची वरात त्यांनी मारुतीच्या देवळापासून मांडवाच्या दारापर्यंत आणली, माझीसुद्धा. पुढं डीजे आला आणि बँड बसला. ते उभेच राहिले आणि म्हणाले, यादीत माझं नाव घाल. गुरुवारी, सहाला. मी म्हटलं, गुरुवारी सहाला नाट्यगीतं असतात. ते म्हणाले, सहालाच पाहिजे. पोरीची टोळी तवाच उसाच्या फडातून पाचटाच्या कोपीवर येती, चुली पेटत्यात, मोबाइल लावायला तेवढाच टाइम असतो.

पोरीचं नाव निघालं तेव्हा मी पेन खाली ठेवला. ती गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती. तिचं लग्न घाईत जमलं आणि तारीख नेमकी दाट मुहूर्ताची निघाली. मास्तरांनी त्या दिवसाची दिंद्रुडच्या वरातीची सुपारी आधीच घेतली होती. शब्द दिला होता, मोडला नाही. दुसऱ्याच्या पोरीच्या दारात वाजवून ते मोटारसायकलवर परत आले तेव्हा इथं अक्षता पडून पंगती उठल्या होत्या. मारुतीपासून त्यांच्या घरापर्यंत वरात आली ती एका टेम्पोवरच्या कर्ण्यावर. पोरगी भांडली नाही, रडली नाही. तेव्हापासून ती आईशी फोनवर तासभर बोलते, आणि आईनं फोन मास्तरांकडं दिला की तिकडची रेंज जाते. इतकी वर्षं झाली, मास्तरांसाठी तेवढी जाते. मास्तर हे कुणाला सांगताना हसून सांगतात, आणि मला ते हसणं बघवत नाही.

नाट्यगीतं शुक्रवारी ढकलली. यादीत लिहिलं : गुरुवार, सहा ते साडेसहा, मास्तरांचं क्लॅरनेट. ग्रुपवर नेहमीप्रमाणे हात जोडलेले, अंगठे, एकानं चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा. पोरगी ग्रुपमध्ये आहे. तिनं यादी वाचल्याची निळी खूण आली. बाकी काही नाही.

गुरुवारी मास्तर पावणेसहालाच हजर. बँडचा जुना लाल कोट, त्याची दोन बटणं गेलेली. मी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, मोबाइल स्टँडला लावला, सहाच्या ठोक्याला घोषणा केली. आकडा दहा. त्यांनी क्लॅरनेट तोंडाला लावलं आणि त्यातून जे निघालं त्याला मी तरी सूर म्हणणार नाही. थांबले, पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मग नुसतीच शांतता. रेडिओवर शांतता म्हणजे माणूस उघडा पडला. मी खुणेनं विचारलं, काय झालं.

"कधी बसून वाजवलंच न्हाई, भाऊ," ते म्हणाले. "पाय हालल्याबिगर बोटं हालत न्हाईत."

मी कपाळावर हात मारला. जन्मभर वरातीत वाजवलेल्या माणसाला मी खुर्ची दिली होती, आणि त्याचा अभिमान वाटून घेत होतो. उभं राहून बघा म्हटलं. माझी खोली तीन पावलांची. ते तीन पावलं गेले, वाकळेला धडकले आणि दार उघडून बाहेर पडले. मी स्टँडवरचा मोबाइल काढला आणि पायांत चप्पल नसताना मागं धावलो. तेवढ्यात आतून बायको ओरडली, ‘अहो, आवाज का येत न्हाई?’ अर्ध्या मिनिटापूर्वीची शांतता आत्ता तिच्यापर्यंत पोचली होती.

मास्तर थांबले ते एकदम मारुतीच्या पारावर. नमस्कार केला, क्लॅरनेट तोंडाला लावलं आणि चालायला लागले. काय सांगू तुम्हाला! तोच माणूस, तीच बोटं, पण पाय पडायला लागले आणि सूर लख्ख निघाला. वरातीचं जुनं वाजवणं, चार पावलं चालायचं, थांबायचं, पुढं कुणी नाचतंय असं समजून घोळवायचं, पुन्हा चालायचं. पुढं कुणी नव्हतं. बसस्टँडकडून हॉर्न वाजत होते, एक म्हैस आडवी आली, मी मोबाइल त्यांच्या तोंडापाशी धरून उलटा चालत होतो. लोक दुकानांतून बाहेर येऊन विचारत होते, कुणाचं लगीन हाय? मी ओठांवर बोट ठेवलं. रेडिओ चालू होता.

साडेसहा होऊन गेले. यादीप्रमाणे मी बंद करायला पाहिजे होतं. माझा अंगठा बटणापाशी गेलाही. पण ते घरघरत्या पिठाच्या गिरणीपाशी त्यांच्या गल्लीत वळले तेव्हा मला उमगलं की हे कुठं चाललेत, आणि मी अंगठा काढून घेतला.

दारात आल्यावर त्यांनी शेवटचा सूर धरला तो छाती फुटेस्तोवर, आणि क्लॅरनेट खाली घेतलं. मास्तरीणबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मास्तर घाम पुसत मला म्हणाले, ऐकलं असंल का? मी आकडा बघितला. अकरा. त्यातला कोण कोण हे त्यात लिहिलेलं नसतं. मी म्हटलं, अर्धं मिनिट मागं आहे, ऐकणाऱ्यांकडं अजून तुम्ही चालताय. मग आम्ही तिघं तसेच उभे राहिलो. तेवढं लांब अर्धं मिनिट मी कधी काढलं नाही.

कोटाच्या खिशात मास्तरांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं, हिरवं बटण दाबलं आणि रोजच्या सवयीनं फोन बायकोपुढं धरला. बटण दाबताना स्पीकर लागला होता, म्हणून आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

"आईला देऊ नका," पोरगी म्हणाली. मागं चुलीचा, भांड्यांचा, बायकांचा आवाज होता. "गिरणी ऐकू आली तवाच कळलं, बापू, तुमी आपल्या गल्लीत वळलात. मी भाकर तव्यावर तशीच ठेवली आन् कोपीच्या दारात येऊन उभी राहिले."

मास्तरांनी फोन कानाला लावला. नुसतं हं, हं करत होते. रेंज कुठंही गेली नाही. माझा मोबाइल अजून चालू होता हे मला गिरणीपर्यंत परत आल्यावर कळलं, तेव्हा मी तो बंद केला. घरी पोचलो तर बायको दारातच बसलेली, डोळ्याला पदर. सात वाजून गेले होते, आणि यादीविषयी ती एक अक्षर बोलली नाही.