हिरड्या उतरल्या तेव्हा

आमच्या नगरच्या क्लिनिकमध्ये मला कुणी डेंटल हायजिनिस्ट म्हणत नाही. पेशंटच्या तोंडी मी 'दात साफ करणाऱ्या मॅडम'. कोर्सला औषधशास्त्राचा पेपर होता तेव्हा आम्ही सगळ्याच जणी कुरकुरलो होतो. दात घासायला ही औषधं कशाला पाठ करायची? शिकवणाऱ्या बाई शांतपणे म्हणायच्या, पेशंट सांगो न सांगो, त्याची गोळी तोंडात दिसते.

लग्न होऊन पारनेर तालुक्यातल्या सासरी आले आणि पहिल्याच आठवड्यात मला तशी एक गोळी दिसली. धाकटी नणंद खळखळून हसली आणि हिरड्या दातांच्या निम्म्यापर्यंत चढलेल्या दिसल्या. घट्ट, गुलाबी. नुसत्या घाणीनं सुजलेल्या हिरड्या अशा नसतात. हिरड्या वाढवणारी औषधं मला पाठ होती : रक्तदाबाची एक गोळी, किडनी बदललेल्यांना देतात ती एक, आणि फिटची एक. विशीतल्या मुलीला यातली कुठली चालू असणार हे कळायला फार अक्कल लागत नाही. घरात मात्र फिट हा शब्द मी एकदाही ऐकला नव्हता. सुनेपासूनही लपवलं, म्हणून मला राग आला. पण ती पोरगी अशी लाघवी की तिच्यासमोर राग टिकायचा नाही. "वहिनी, तुमी माझ्याशी बोलता का माझ्या दातांशी?" असं विचारून मलाच लाजवायची.

वर्षभरानं राहुरीकडचं स्थळ आलं. सासूबाई मला म्हणाल्या, "पाहुने बघायला यायच्या आत हिचं दात तेवढं चांगलं करून दे."

मी दार लोटलं. "आई, हिला फिटची गोळी चालू आहे ना?"

त्यांनी आधी दाराकडे बघून घेतलं. "ल्हानपनापासून. पन आता लई दिवस काई न्हाई."

मी समजावून सांगितलं. हिरड्या त्या गोळीनं वाढतात. पण म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, एकदम बंद केली तर फिट उलटून येते. डॉक्टरांना सांगून हळूहळू दुसरी सुरू करायची. त्या म्हणाल्या, "डाक्टरकडं जाताना गावातलं कुनी बघितलं म्हंजी?" मग बघू म्हणाल्या, आणि मी माझ्या कामाला लागले.

थोडं थोडं करून मी तिचे दात साफ केले. हिरड्या उतरू लागल्या. पाहुण्यांनी होकार दिला, घरात माझ्या हाताचं कौतुक झालं, आणि खोटं कशाला बोलू, मीही फुगले.

हळदीच्या दिवशी बायकांनी तिचं तोंड पिवळंधमक केलं होतं. ती हसली आणि तिचे सगळे दात दिसले, पुरेपूर, माझ्यासारखे. हातात हळदीची वाटी घेऊन मी तशीच उभी राहिले. माझ्या सफाईनं सूज उतरते. गोळीनं वाढलेलं मांस इतकं उतरत नाही. ते उतरतं गोळी थांबली तर.

तिला आतल्या खोलीत नेलं आणि गोळ्यांचं विचारलं. "आईनं बंद केल्या, कवाच," ती म्हणाली. "मलाबी हलकं वाटतंय. वहिनी, आज नका ना काई बोलू."

मी सासूबाईंना गाठलं. "तूच म्हनलीस ना, गोळीनं व्हतंय," त्या म्हणाल्या. मी दोन वाक्यं सांगितली होती, त्यांनी पहिलं तेवढं धरून ठेवलं होतं. "आन सासरी गोळी घेताना बघितलं कुनी तर? पोरगी परत पाठवत्याल."

नवऱ्याला सांगितलं. तो सुप्याच्या कंपनीतून रजा काढून मांडवात राबत होता. म्हणाला, "लग्न होऊ दे. मांडव परतणीला आली की मी स्वतः तिला डॉक्टरकडे नेतो." ती आली, पण सासरच्या बायका सोबत होत्या. पुढच्या खेपेला जाऊ, असं ठरलं.

पुढची खेप झाली नाही. ती सासरच्या शेततळ्यात पडून गेली. तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावरून पाय घसरला, असं सगळे म्हणाले. तिची जाऊ तेव्हा तिथं होती. आम्ही मातीला गेलो तेव्हा तिनं मला गोठ्यामागं नेलं आणि कुजबुजली, "पडायच्या आदी ती ताठ झाली व्हती. मान फिरली, डोळं वर गेलं. मी कुनाला बोलले न्हाई, लोक म्हनतील बाहेरचं लागलं व्हतं." मी तिचा हात धरून उभी राहिले. मला तेव्हा रडूही आलं नाही, इतका संताप झाला होता. सासूबाईंना काय काय बोलायचं ते मी मनात जुळवून ठेवलं.

दहावा झाल्यावर मी मेथी निवडत होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. ओठ फुटलेले, पोटात धड अन्न नाही.

"तुला औषदाचं कळतं," त्या म्हणाल्या. "पायच घसरला असंल ना गं?"

जुळवलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो आई. तो कागद फार निसरडा असतो."

 त्यांनी माझ्या हातातली मेथीची जुडी काढून घेतली आणि खाली मान घालून निवडू लागल्या.

"माझ्या लेकानं इचारलं," त्या म्हणाल्या, "तर त्यालाबी असंच सांग."