डाव्या स्टेअरिंगची गाडी

भूतबाधा, भानामती असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता... आज आहे की नाही, तेही सांगता येत नाही. पण एक गोष्ट बरीच वर्षं पोटात ठेवली आहे, ती सांगून टाकतो.

वडिलांनी हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून जुनी अमेरिकन गाडी आणली होती. आठ सिलिंडरचं इंजिन, खाटेएवढं बॉनेट. ती निघाली की जिंतूर रोडवरची गुरं आपणहून बाजूला व्हायची! खोट एकच – स्टेअरिंग डावीकडे. पुढच्या वाहनाला ओलांडताना चालवणाऱ्याला समोरचं दिसायचंच नाही. म्हणून उजवीकडे पोखर्णीचे सोपानमामा बसायचे, आमच्या कापूस पिंजायच्या जिनिंग कारखान्यावरचे जुने गडी. मान बाहेर काढून बघायचे आणि म्हणायचे, "खाली!" म्हणजे रस्ता मोकळा. नाहीतर, "खाली न्हाई, मालक."

त्या दिवशी नामांतराच्या बंदमुळे एसटी थांबलेल्या होत्या. रस्ता रिकामाच असणार, असं मी धरून चाललो होतो. बोरीच्या अलीकडे कापसाच्या बैलगाडीमागे अडकलो. मामा म्हणाले, "खाली न्हाई, मालक." मी ऐकलं. तरी गाडी काढली. समोरून ट्रक आला आणि आमची उजवी बाजू घासत गेला. मला ओरखडाही नाही. मामांचा हात कोपरापासून काढावा लागला.

दवाखान्यात वडिलांनी विचारलं, "सोपान काय म्हणाला होता?"

मी म्हणालो, "खाली."

एवढंच. एक 'न्हाई' गिळला. पलंगावरून मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड फिरवलं.

ती गाडी भंगारात गेली, मामा गावी गेले. काही वर्षांनी मी नवी सेडान घेतली – उजवं स्टेअरिंग, एसी, एका बोटाने वळणारी. भरदुपारी त्याच रस्त्याने जिंतूरला निघालो होतो. बायकोला कौतुकाने सांगत होतो, "जुनीत ओरडून बोलावं लागायचं, हिच्यात मनगटावरचं घड्याळ ऐकू येतं." पुढे ट्रॅक्टर होता. समोरून काहीच येताना दिसत नव्हतं. मी गाडी काढणार... आणि माझ्याच तोंडून शब्द आले, "खाली न्हाई, मालक."

आवाज माझा नव्हता. पाय आपोआप ब्रेकवर गेला. पुढच्याच क्षणी चढावरून भरधाव एसटी आली.

बायको पांढरीफटक. "अहो, मालक कोणाला म्हणालात? आणि ते म्हाताऱ्यासारखं काय बोललात?"

तिने मामांना कधी पाहिलेलं नव्हतं. आणि मी बसलो होतो ती जागा... उजवीकडची. मामांची.

दुसऱ्या दिवशी पोखर्णीला गेलो. मामा दोन वर्षांपूर्वीच वारले होते. मामींना सगळं सांगितलं. त्या शेंगा फोडत राहिल्या.

"मला काय सांगायलाव? ते 'न्हाई' म्हनले व्हते, मला ठाव हाय. वरातीच्या जीपमधी बी लोक म्हनायचे – मामा, तुमी मागं बसा, तुमचं खाली-खाली नको! लय हसायचे. हे मेले तरी लोक हसलेच. जावा, खरं काय ते पारावर सांगा."

पारावर दहा-बारा माणसं बसली होती. मी गाडी हळू केली... आणि तशीच पुढे नेली.

तो आवाज कुठून आला, मला आजही उलगडलेलं नाही. ज्याचं मी असं केलं, त्याने मला का वाचवावं – हे तर मुळीच नाही. पोखर्णीचं कोणी हे वाचत असेल, तर पारावर मोठ्याने वाचून दाखवा. माझ्याने अजून झालेलं नाही.